‘कमी लेखलेले’ चित्रपट : चाहत्याचे मूल्यमापन आणि समीक्षेचे माप

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी लिहिलेला एक निबंध माझ्याकडे आला होता. विषय त्याने स्वतःच निवडला होता : ‘अंडररेटेड’ विज्ञानपट, आणि त्यातही मारधाडीचे. जॉन कार्पेंटरचा ‘दे लिव्ह’ (१९८८), कॅथरिन बिगेलोचा ‘स्ट्रेंज डेज’ (१९९५), पॉल व्हर्होवेनचा ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९९७) आणि पीट ट्रॅव्हिसच्या नावावर असलेला ‘ड्रेड’ (२०१२) असे चार अमेरिकी-ब्रिटिश चित्रपट त्याने घेतले होते. निबंधाला धड प्रस्तावना नव्हती, संदर्भ जवळजवळ नव्हते, विशेषणांची मात्र रेलचेल होती. ‘आवड आहे, निकष नाही’ असा शेरा मी समासात मारला आणि काठावरचे गुण दिले. अलीकडे कपाट आवरताना तो निबंध पुन्हा हाती आला. या वेळी चारही चित्रपट पाहून मग तो वाचला, आणि समासातला शेरा निबंधापेक्षा तपासणाऱ्यालाच अधिक लागू पडतो की काय, अशी शंका आली. प्रस्तुत लेख त्या शंकेतून लिहिला आहे.

आधी शब्दाविषयी. ‘अंडररेटेड’ला मराठीत प्रतिशब्द शोधू लागलो की ‘उपेक्षित’ आणि ‘अवमूल्यित’ हे दोन शब्द पुढे येतात. पण दोन्ही अपुरे आहेत. उपेक्षित म्हणजे ज्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही तो. अवमूल्यन व्हायचे तर पूर्वी अधिक मूल्य असावे लागते. चाहत्याची तक्रार या दोहोंहून वेगळी असते. वस्तू पाहिली गेली, तिचे माप घेतले गेले, पण मापच खोटे होते, असे त्याला म्हणायचे असते. आपल्या बोलीतला ‘कमी लेखणे’ हा प्रयोग या अर्थाच्या सर्वांत जवळ जातो. लेखणे म्हणजे गणणे, मोजणे. कोणी तरी लेखणारा असल्याशिवाय कोणी कमी लेखला जात नाही. म्हणून ‘हा चित्रपट कमी लेखला गेला’ हे विधान वरकरणी चित्रपटाविषयीचे असले, तरी त्याचा रोख मूल्यमापन करणाऱ्या व्यवस्थेकडे असतो. ते कृतीवरचे भाष्य कमी आणि समीक्षेवरचे भाष्य अधिक असते.

मात्र या विधानात दोन निराळ्या तक्रारी बेमालूम मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली तक्रार अशी : तुम्हांला या चित्रपटाचा अर्थ कळला नाही, वरवर हा मारधाडपट दिसतो, पण आत उपरोध आहे, राजकारण आहे, तत्त्वचिंतन आहे. दुसरी तक्रार अशी : तुम्ही मोजायची ती गोष्टच मोजली नाही. पहिल्या तक्रारीत समीक्षेची मापे मान्यच असतात. त्या मापांनी पुन्हा एकदा मोजा, इतकीच विनंती असते. दुसरीत माप बदलण्याची मागणी असते. माझ्या विद्यार्थ्याच्या निबंधात, आणि एकूणच चाहत्यांच्या युक्तिवादात, पहिली तक्रार मोठ्या आवाजात केलेली असते. अनुभव मात्र दुसऱ्या तक्रारीचा असतो. विद्यापीठाच्या दारातून आत यायचे तर ‘अर्थ’ हातात घेऊन यावे लागते, हे चाहत्याला ठाऊक असते. ते त्याला आम्हीच शिकवलेले असते.

या दुसऱ्या तक्रारीला चित्रपटसमीक्षेत बरीच जुनी परंपरा आहे. मॅनी फार्बर याने १९५७ च्या ‘अंडरग्राउंड फिल्म्स’ या लेखात हॉवर्ड हॉक्स, राउल वॉल्श अशा दिग्दर्शकांच्या मारधाडपटांची बाजू घेतली, ती त्यांत काही गहन आशय दडलेला आहे म्हणून नव्हे, तर शरीरे, रस्ते, खोल्या आणि हालचाली यांच्याशी त्या चित्रपटांचा जो काटेकोर व्यवहार चालतो त्यासाठी. पॅरिसच्या ‘काइए द्यु सिनेमा’तील तरुण समीक्षकांनी त्याच दशकात हॉक्स आणि हिचकॉक यांना थोर ठरवले, त्यांचा मार्ग निराळा होता, त्यांनी दिग्दर्शकाला ‘लेखक’ करून टाकले. पुढे पॉलिन केलने १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या दुसऱ्या मार्गातला धोका नेमका हेरला. हलक्याफुलक्या चित्रपटाचा आनंद घेतल्यावर त्या आनंदाची लाज वाटून त्याला विद्वत्तेचे कपडे चढवणे हा तिच्या मते अप्रामाणिकपणा होता. सूझन सॉन्टॅगने १९६५ मध्ये विज्ञानपटांवर लिहिताना हे चित्रपट विज्ञानाविषयी नसून संहाराविषयी असतात असे प्रतिपादन केले. पण तिचाही कल अखेर या चित्रपटांकडे एखाद्या लक्षणाकडे पाहावे तसे पाहण्याचा होता. चाहता लक्षण पाहत नाही. तो चित्रपट पाहतो.

काळ पुष्कळ निकाल फिरवतो, हे तर उघडच आहे. २५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि कार्पेंटरचा ‘द थिंग’ प्रदर्शित झाले. दोहोंचे स्वागत थंड झाले. ‘द थिंग’च्या वाट्याला तर तिरस्कारच अधिक आला. आज दोन्ही अभ्यासक्रमांत आहेत. या दोन चित्रपटांना अजूनही ‘अंडररेटेड’ म्हणणारा चाहता केवळ सवयीने बोलत असतो. पण या उदाहरणांवरून ‘काळच खरा समीक्षक’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो आळशी आहे. काळ काहीच करत नाही. कोणी तरी पुन्हा पाहतो, कोणी तरी हट्टाने पुन्हा लिहितो. त्या कोणा तरीचे नाव बहुधा चाहता असते. आपल्याकडेही लेखकाचे नाव आणि कृतीचे माप यांचा संबंध तोडून पाहण्याचा एक लक्षणीय प्रसंग घडला आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती टोपणनावाने, आणि तिला पारितोषिक मिळाले. शास्त्रज्ञाच्या कीर्तीचे वजन पारड्यात पडू नये, ही त्यामागची भूमिका. चाहत्याची अडचण नेमकी उलटी आहे. त्याच्या आवडत्या चित्रपटावर ‘मारधाड’ हे नाव आधीच चिकटलेले असते आणि ते बदलून पाठवण्याची सोय नसते.

आता ‘दे लिव्ह’. बांधकामावर रोजंदारी शोधत लॉस एंजलिसमध्ये आलेल्या एका बेघर माणसाला एक काळा चष्मा सापडतो. तो लावला की जग कृष्णधवल दिसते. जाहिरातींच्या जागी आज्ञा दिसतात : आज्ञा पाळा, उपभोग घ्या, लग्न करा आणि प्रजा वाढवा. नोटेवर, हाच तुमचा देव, असे लिहिलेले दिसते; आणि श्रीमंत, सुस्थित माणसांपैकी बरीचशी माणसेच नाहीत असे कळते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे कथानक सांगितले की तो लगेच व्हिक्टर श्क्लोव्हस्कीचे नाव घेतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. सवयीने आंधळ्या झालेल्या नजरेला वस्तू पुन्हा दिसू लागावी म्हणून कला तिला अनोळखी करते, हा श्क्लोव्हस्कीचा १९१७ चा सिद्धान्त. आणि कार्पेंटरने तो सिद्धान्तच फुटपाथवर विकत मिळेल अशा वस्तूत रूपांतरित केला आहे. डार्को सुविनने विज्ञानकथेची व्याख्या ज्या ज्ञानात्मक अपरिचितीकरणाच्या आधारे केली, त्याचेही हे सरळसोट उदाहरण ठरते. माझ्या विद्यार्थ्याने हे सारे मोडक्यातोडक्या भाषेत लिहिले होते आणि तेवढ्या भागासमोर मी ‘ठीक’ असे लिहिले होते.

त्यानंतरची दोन पाने त्याने चित्रपटातील एका मारामारीवर खर्च केली होती. त्यांवर मी तिरपी रेघ ओढली होती.

ही मारामारी प्रसिद्ध आहे. नायक (श्रेयनामावलीत त्याचे नाव नाडा, स्पॅनिशमध्ये ‘काही नाही’) बांधकामावरचा आपला मित्र फ्रँक याला चष्मा लावून पाहायला सांगतो. फ्रँक नकार देतो. मग एका गल्लीत दोघांची जी झुंज सुरू होते ती पाच मिनिटांहून अधिक वेळ चालते. नाडाच्या भूमिकेतला रॉडी पायपर हा व्यावसायिक कुस्तीगीर, आणि फ्रँक झालेला कीथ डेव्हिड रंगभूमीवर तयार झालेला नट. दोघे थांबतात, धापा टाकतात, संपले असे वाटते, आणि पुन्हा भिडतात. संगीत जवळजवळ नाहीच. बुटांचा, श्वासांचा आणि आदळण्याचा आवाज तेवढा. रूपककथा वाचू पाहणाऱ्या समीक्षकाला हे पाणी घालून वाढवलेले प्रकरण वाटते. आशय तर आधीच कळला आहे. चष्मा लावायला दहा सेकंद पुरतात. चाहत्याला मात्र हाच चित्रपटाचा प्राण वाटतो, आणि असे का वाटते ते त्याला सांगता येत नाही. ‘थांबतच नाही, हेच भारी आहे,’ एवढेच माझ्या विद्यार्थ्याने लिहिले होते.

थांबतच नाही, हेच खरे म्हणणे आहे. सत्य समोर आहे, फुकट आहे, मित्राच्या हातून येत आहे. तरीही माणूस ते नाकारण्यासाठी स्वतःची हाडे मोडून घ्यायला तयार आहे. फ्रँकला बायकापोरे आहेत, हातातले काम टिकवायचे आहे, भानगडीत पडायचे नाही. न पाहण्यात त्याचा हितसंबंध आहे आणि तो हितसंबंध त्याच्या शरीरात उतरला आहे. हे संवादातून सांगितले असते तर दोन वाक्यांत संपले असते, आणि दोन वाक्यांत विसरले गेले असते. ते दमछाक होईपर्यंत पाहावे लागते, कारण त्याचा आशयच दमछाक हा आहे. स्लाव्हॉय झिझेकने २०१२ च्या ‘द पर्व्हर्ट्स गाइड टू आयडिऑलॉजी’ या चित्रपटात याच प्रसंगाचा आधार घेऊन, विचारसरणीतून बाहेर पडणे वेदनादायक असते असे सांगितले, आणि त्यानंतर ही झुंज विद्यापीठांत प्रतिष्ठित झाली. माझ्या विद्यार्थ्याने झिझेकचे नाव घेतले असते तर मी ती रेघ ओढली असती का? प्रश्न अवघड नाही. उत्तर अप्रिय आहे.

पण इथे झिझेकशीही थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. त्याच्या विवेचनात ही मारामारी पुन्हा एका सिद्धान्ताचे उदाहरण होते. मला महत्त्वाचे वाटते ते रे नेल्सनच्या मूळ कथेशी असलेले अंतर. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या कथेत चष्मा नाही. एका संमोहनकाराच्या प्रयोगानंतर नायक जरा जास्तच जागा होतो, आणि एकटाच जागा होतो. गल्लीतली झुंजही त्या कथेत नाही. कार्पेंटरने जागृतीला हातातून हातात देता येणारी वस्तू केले, आणि देण्याची कृती म्हणजे झुंज केली. पटकथेवर त्याने स्वतःचे नाव न घालता ‘फ्रँक आर्मिटेज’ हे टोपणनाव घातले; चित्रपटातल्या नकार देणाऱ्या मित्राचे पूर्ण नावही तेच आहे. म्हणजे लेखकाने स्वतःला पाहणाऱ्याच्या बाजूला न ठेवता, पाहायला तयार नसणाऱ्याच्या नावावर ठेवले. हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. पण त्यावर फार मोठी इमारतही उभारू नये.

या भेदाला एरवी पांडित्यापुरतेच महत्त्व राहिले असते. पण २०१७ च्या जानेवारीत या चित्रपटाचे जे झाले त्यामुळे तो तातडीचा झाला. नवनाझी प्रवृत्तीच्या काही लोकांनी ‘दे लिव्ह’ हा ज्यू लोकांच्या जगावरील कथित नियंत्रणाविषयीचा चित्रपट आहे, असा अर्थ पसरवला. कार्पेंटरला जाहीरपणे सांगावे लागले की हा अर्थ धादांत खोटा असून चित्रपट अनिर्बंध भांडवलशाहीविषयी आणि ऐंशीच्या दशकातील पैसेवाल्या नवश्रीमंत वर्गाविषयी आहे. लेखकाच्या हेतूने अर्थाचा निकाल लावू नये, असे आपण वर्गात शिकवतो. मग या अर्थाला आपण काय उत्तर देणार? केवळ रूपक म्हणून वाचला तर हा चित्रपट कोणाच्याही हाती लागू शकतो. ‘दिसते त्यामागे दडलेले ते लोक’ ही रिकामी जागा प्रत्येक द्वेष आपापल्या शत्रूने भरून काढू शकतो, आणि प्रत्येकाला चष्मा आपल्याच नाकावर आहे असे वाटते. ती झुंज मात्र कोणाच्याही हाती लागत नाही. तिथे एक गोरा आणि एक काळा मजूर एकमेकांना मारत आहेत, दोघेही कफल्लक, आणि एकाचे पाहणे दुसऱ्याने पाहिल्याशिवाय निरुपयोगी आहे. झुंज संपल्यावर दोघे सुजलेल्या चेहऱ्यांनी एकाच हॉटेलात शिरतात. वंशशुद्धीच्या स्वप्नात हे दृश्य बसवता येत नाही. ज्या दोन पानांवर मी रेघ ओढली, तिथेच चुकीच्या वाचनाला उत्तर होते. ते अर्थात नव्हते, हालचालीत होते.

‘स्टारशिप ट्रूपर्स’चे प्रकरण वेगळे आहे आणि त्याविषयी इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्याचा खटला चाहत्यांनी केव्हाच जिंकला आहे. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९ च्या लष्करी वळणाच्या कादंबरीवरून व्हर्होवेन आणि पटकथाकार एडवर्ड न्यूमायर यांनी हा चित्रपट केला, तेव्हा अनेक समीक्षकांना तो फॅसिझमची भलावण करणारा किंवा निव्वळ बालिश वाटला. नाझी प्रचारपटांची उघड उसनवारी, शेवटी गेस्टापोची आठवण करून देणारा लांब कोट, हे पाहूनही उपरोध कळू नये याचे आज आश्चर्य वाटते. व्हर्होवेनचे बालपण जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये गेले, हा तपशील आता प्रत्येक बचावात येतो. परंतु हा विजय पहिल्या प्रकारच्या तक्रारीचा आहे : अर्थ कळला नव्हता, आता कळला. आणि त्या विजयाची किंमतही मोजावी लागली आहे. ‘हा तर उपरोध आहे’ असे म्हटले की प्रेक्षक सुरक्षित अंतरावर जाऊन बसतो. लढाईची दृश्ये जणू अवतरणचिन्हांत जातात. प्रत्यक्षात किड्यांची लाट तटबंदीवर चढून येते तेव्हा आपली नाडी त्या देखण्या, बिनडोक सैनिकांच्या बरोबर धावते. मारधाडीची ओढ खरी आहे म्हणूनच उपरोध बोचतो. थरार न वाटता केवळ उपरोध ओळखणारा प्रेक्षक हा, माझ्या मते, थरार वाटून उपरोध न ओळखणाऱ्या प्रेक्षकाइतकाच अर्धवट आहे. १९९७ च्या रागावलेल्या समीक्षकांना निदान काही तरी जाणवले तरी होते.

खरी कसोटी लागते ती ‘ड्रेड’पाशी, कारण या चित्रपटात दडलेला अर्थ असा फारसा नाहीच. जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझ्केरा यांनी १९७७ मध्ये ब्रिटिश चित्रकथा-साप्ताहिक ‘२००० एडी’साठी निर्माण केलेले हे पात्र : पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद एकाच गणवेशात. १९९५ च्या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने शिरस्त्राण काढून चेहरा दाखवला आणि चाहत्यांनी त्याला कधीच क्षमा केली नाही. २०१२ च्या चित्रपटात कार्ल अर्बन ते एकदाही काढत नाही. प्रत्यक्ष दिग्दर्शन पटकथाकार अ‍ॅलेक्स गारलंड यानेच केले, असे अर्बनने २०१८ मध्ये सांगितले. अर्थात श्रेयाचा हा वाद आपल्या विषयाला गौण आहे. कथानक एका ओळीचे : दोनशे मजल्यांची इमारत, तळाशी अडकलेले दोन न्यायाधीश, वरच्या मजल्यावर गुन्हेगारांची म्होरकी. तिकीटबारीवर तो पडला. समीक्षकांनी त्याला वाईट म्हटले नाही. ‘आपल्या प्रकारात ठीक’ म्हटले. कमी लेखण्याचा हा सर्वांत सभ्य प्रकार असतो.

या चित्रपटाविषयी माझ्या विद्यार्थ्याने जे लिहिले होते त्यावर ‘वर्णन आहे, विश्लेषण नाही’ असा माझा शेरा आहे. त्याने काय वर्णन केले होते? शिरस्त्राणाखालून दिसणारी हनुवटी. मजल्यागणिक बदलणारा उजेड. आणि ‘स्लो-मो’ हे मादक द्रव्य. हे द्रव्य घेतले की काळ नेहमीच्या एक टक्का वेगाने सरकतो आहे असा भास होतो. चित्रपटात गती मंद होते ती बहुतेक याच द्रव्याच्या निमित्ताने : पाण्याचे थेंब चमकत तरंगतात, गोळी गाल भेदून संथपणे बाहेर पडते, काचेचे कण इंद्रधनुष्यासारखे विखुरतात. विद्यार्थ्याने सरळ लिहिले होते की ‘सुंदर दिसते ते फक्त नशेत दिसते.’ हे वर्णनच आहे. पण यापेक्षा नेमके विश्लेषण मला आजही करता येणार नाही. पेकिन्पाच्या ‘द वाइल्ड बंच’पासून (१९६९) ‘द मेट्रिक्स’पर्यंत (१९९९) मारधाडपटांनी मंदगतीचा वापर हिंसेला सौंदर्य देण्यासाठी केला, आणि हे सौंदर्य कोणाच्या डोळ्यांना दिसते, हा प्रश्न विचारला नाही. ‘ड्रेड’ने त्या संकेतालाच कथेतली एक वस्तू केले, तिला बाजारभाव दिला, तिचा धंदा चालवणारी बाई दिली. सुरुवातीला ती बाई आपल्या विरोधकांना हे द्रव्य हुंगवून वरच्या मजल्यावरून खाली टाकायला लावते, म्हणजे त्यांचा मृत्यू लांबावा. अखेरीस ड्रेड तिलाही तसेच टाकतो, आणि चित्रपटातील सर्वांत देखणे दृश्य हे तिचे पडणे आहे. आपण ते मुग्ध होऊन पाहतो. आणि ज्याने तिला टाकले त्याच्या चेहऱ्यावर काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, कारण चेहरा झाकलेला आहे. एवढे सगळे एकाही विचारवंत संवादाशिवाय घडते.

नाट्यशास्त्रात आंगिक अभिनयाचे विवेचन किती विस्ताराने येते, याची इथे आठवण होते. हात, दृष्टी, पायांच्या चाली यांची तपशीलवार गणना तिथे आहे; रंगमंचावर शस्त्रे चालवण्याच्या पद्धतींना तर ‘न्याय’ अशीच संज्ञा आहे. वाचिकाला अग्रस्थान देऊन उरलेले सारे ‘करमणूक’ या खात्यात टाकण्याची आपली सवय परंपरेतून आलेली नसावी. ती आधुनिक साहित्यसमीक्षेची आहे. आम्ही शब्दांची माणसे. ज्या कृतीत शब्द कमी तिच्यात विचार कमी, हे समीकरण आम्ही कधी तपासले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले, हे आम्ही कौतुकाने सांगतो; पण त्यांच्या पाठलागांची रचना कशी असते हे पाहायला आम्ही बसलो नाही.

‘ड्रेड’मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख विद्यार्थ्याने केला नव्हता आणि जी मला चित्रपट पाहताना खटकत राहिली. अँडरसन ही उमेदवार काही गुणांनी नापास झालेली आहे. तिची अंतिम परीक्षा म्हणून तिला ड्रेडबरोबर दिवसभरासाठी पाठवलेले असते. कशाने नापास केले जाईल हे त्याने तिला सकाळीच स्पष्ट सांगितलेले असते. शस्त्र गमावले तर नापास. ती शस्त्र गमावते आणि दिवस संपताना स्वतःच बिल्ला काढून त्याच्या हाती देते. वरिष्ठांनी विचारल्यावर मात्र ड्रेड ती उत्तीर्ण असल्याचे सांगतो. कारण देत नाही. नियमांचा पुतळा असलेल्या माणसाने नियमाबाहेर दिलेला हा चित्रपटातला एकमेव निकाल. तो अन्याय आहे की न्याय, हे ठरवण्याचे साधन चित्रपट आपल्याला देत नाही. दिवसभर त्या दोघांबरोबर जिने चढलेल्या प्रेक्षकाला मात्र तो पटतो.

इथवर मी चाहत्याची बाजू घेतली आहे. पण ‘स्ट्रेंज डेज’विषयीची त्याची पाने वाचल्यावर वकिली थांबवावी लागते. १९९९ च्या शेवटच्या दोन दिवसांत घडणाऱ्या या चित्रपटात दुसऱ्याचा अनुभव थेट मेंदूवर ध्वनिमुद्रणासारखा नोंदवून विकला जातो. जेम्स कॅमेरॉनची कल्पना, त्याने जे कॉक्सबरोबर लिहिलेली पटकथा, आणि मागे १९९१ ची रॉडनी किंगला झालेली मारहाण व १९९२ ची लॉस एंजलिसमधली दंगल. प्रदर्शनाच्या वेळी चित्रपट साफ कोसळला. विद्यार्थी लिहितो ते सुरुवातीच्या दृश्याविषयी : दरोडेखोराच्या डोळ्यांतून पाहिलेला, जणू एका दमात घेतलेला पाठलाग, छपरावरून उडी, आणि खाली पडणे. त्याचे कौतुक रास्त आहे. तंत्राचे त्याने केलेले बारकाईचे वाचन मला आज आदरणीय वाटते. पण हेच तंत्र चित्रपटात पुढे एका स्त्रीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रसंगी पुन्हा येते. खुनी आपल्या डोळ्यांना दिसते ते तिच्याच मेंदूत पाठवतो, आणि ती नोंद पाहणाऱ्या नायकाच्या जागी प्रेक्षक बसलेला असतो. हा प्रसंग प्रेक्षकाच्या पाहण्यावरचा आरोप आहे की त्याला दिलेला आणखी एक थरार, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. मला तो आरोप वाटतो, तरी पुरता निर्दोष वाटत नाही. विद्यार्थ्याने या प्रसंगाचा उल्लेखच केलेला नाही. पहिल्या दृश्यातला दृष्टिकोन त्याला हवा आहे. तोच दृष्टिकोन जेव्हा पाहणाऱ्याकडे वळतो, तेव्हा तो पान उलटतो. ‘मोजायची ती गोष्ट मोजा’ असे समीक्षेला सांगणाऱ्याने इथे स्वतः मोजणे टाळले आहे.

आणखीही एक गाळलेले नाव आहे. या चित्रपटात खरोखर लढते ती मेस, म्हणजे अँजेला बॅसेट. लेनी निरो हा नायक मार खातो, बडबड करतो, आणि सोडून गेलेल्या प्रेयसीच्या नोंदी रात्ररात्र पाहत पडतो. मेस ती यंत्रे वापरायला राजी नसते. ती गाडी चालवते, लेनीला उचलते, वर्षाच्या अखेरच्या रात्री भर रस्त्यात दोन पोलिसांशी एकटी भिडते आणि लाठ्यांखाली पडते. तेव्हा गर्दीतले लोक तिच्यासाठी पुढे येतात. दुसऱ्याच्या शरीरात शिरून अनुभव चोरणारे सगळे एकीकडे, आणि स्वतःच्या शरीरानिशी वर्तमानात उभी असलेली ही एक काळी स्त्री दुसरीकडे. चित्रपटाचा सगळा वाद या एका देहात आहे. शेवटी एक सचोटीचा पोलीसप्रमुख धावून येतो आणि सारे मिटवतो, ही पटकथेची माघार आहे. मेसने उभे केलेले प्रश्न त्याला पेलत नाहीत. हालचालीत विचार वाचण्याचा जो निकष माझ्या विद्यार्थ्याकडे उपजत होता, तो इथे लावला असता तर त्याला पहिल्याच वाचनात मेस सापडली असती. चार चित्रपट कमी लेखले गेले म्हणून त्याने अकरा पाने लिहिली. त्यांत अँजेला बॅसेटचे नाव एकदा, कंसात, नटसंचाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे.